इटालियन कॉमिक्सची ओरिजिनल पानं घ्यायची असतील तर आधी हे वाचा

ओरिजिनल म्हणजे चित्रकाराने छपाईसाठी स्वतः हाताने काढलेलं पान. पहिलं नाव सगळे चित्रकार ह्युगो प्रॅटचंच घेतात आणि ते साहजिकच आहे, पण कोर्तो मालतेझे या त्याच्या खलाशी नायकाच्या चांगल्या पानावर हजारो युरोंची बोली लागते, म्हणून पहिली खरेदी तिथे नको. त्यापेक्षा एकच चित्रकार निवडा आणि त्याचं छापलेलं जेवढं मिळेल तेवढं बघत बसा. मला विचाराल तर सेर्जिओ तोप्पी किंवा दिनो बात्तालिया. तोप्पीच्या निबच्या रेघांची जाळी आणि बात्तालियाने ब्लेडने खरवडून काढलेला धूसर उजेड छपाईत निम्मासुद्धा येत नाही, ओरिजिनल का घ्यायचं हे तिथे डोळ्यांनाच पटतं. बजेट अगदीच कमी असेल तर बोनेल्ली या प्रकाशकाच्या मासिक सिरीजमधली पानं बघा, फार गाजलेला चित्रकार नसेल तर काही शे युरोत मिळून जातात.

आता पान पारखायचं कसं, यात घाई अजिबात नको. ते पान छापून कुठे आलंय ते शोधा आणि दोन्ही शेजारी ठेवून एकेक चौकट जुळवा. ओरिजिनल बहुतेक वेळा छापील पानापेक्षा बरंच मोठं असतं (बोनेल्लीचा अंक साधारण १६ बाय २१ सेंमीचा). खाली पुसलेल्या पेन्सिलचे ठसे, पांढऱ्या रंगाने केलेल्या दुरुस्त्या, कडेला पान नंबर किंवा संपादकाची खूण, चिकटवलेले संवादांचे फुगे, हे सगळं दिसलं की मला तरी आनंदच होतो कारण ही कामाची खूण आहे, डाग नाही. मग भिंग लावा. ठिपक्यांची जाळी दिसली तर ती बहुतेक छपाई आहे, मग खाली सही खरी का असेना. काळा भरलेला भाग बाजूने उजेड टाकून बघा, ब्रशने भरलेली शाई सहसा सगळीकडे सारखी बसत नाही, कुठे दाट कुठे पातळ. सहीवर एकट्यावर विसंबू नका, याकोवित्ती हा चित्रकार सहीच्या जागी माशाचा काटा काढायचा आणि तेवढा काटा कोणीही काढू शकतो.

प्रॅटच्या बाबतीत अजून एक, त्याच्या गोष्टी वेगवेगळ्या आकारात पुन्हा पुन्हा छापल्या गेल्या आणि त्यासाठी चौकटींची मांडणी बदलली, त्यामुळे पान तुमच्या हातातल्या पुस्तकाशी जुळलं नाही म्हणून लगेच खोटं ठरवू नका, जुनी आवृत्ती शोधा.

कुठलं पान घ्यायचं? मुख्य पात्र असलेलं पान महाग असतंच, पण मी तरी पान एकटं उभं राहतं का ते आधी बघतो. ग्विदो क्रेपॅक्सची नायिका वालेंतिना १९६५ मध्ये 'लीनुस' मासिकात आली, त्याची पानं या बाबतीत भारी असतात, डोळे, ओठ, बोटं अशा बारीक बारीक चौकटी आणि गोष्ट माहीत नसली तरी नजर खिळते.

खरेदीसाठी ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीला इटलीतल्या लुक्का शहरात भरणारा कॉमिक्स मेळा गाठा, तिथे विक्रेते समोर असतात, पान हातात घेऊन बघता येतं आणि ते आधी कोणाकडे होतं हे तोंडावर विचारता येतं. उत्तर देताना विक्रेता चाचरला तर पान परत ठेवा. मिलानो किंवा पॅरिसच्या लिलावात बोली लावणार असाल तर हातोड्याच्या किमतीवर (म्हणजे शेवटच्या बोलीवर) वेगळं कमिशन लागतं, ते सहज पाव भाग असू शकतं, म्हणून आपला आकडा आधीच त्या हिशोबाने ठरवा.

पान इटलीबाहेर न्यायचं असेल तर वय बघा. चित्रकार हयात नाही आणि काम ७० वर्षांपेक्षा जुनं आहे, शिवाय किंमत १३,५०० युरोंच्या वर, तर साधारणपणे सरकारी परवाना लागतो. चित्रकार गालेपने १९४८ मध्ये काढायला घेतलेल्या टेक्स या वेस्टर्न कॉमिकच्या सुरुवातीच्या पट्ट्या आता या वयात बसतात. किंमत कमी असली तरी कागदपत्रं लागतातच, ती विक्रेत्याकडून आधी लेखी ठरवून घ्या.

घरी आणल्यावर अ‍ॅसिड-फ्री फोल्डर, कोरडी थंड जागा, आणि भिंतीवर लावायचंच असेल तर यूव्ही किरण अडवणारी काच, थेट उन्हात नाही. मार्करने केलेलं काम असेल तर ते फोल्डरमध्येच बरं, चायना इंक (चित्रांची काळी शाई) टिकते पण मार्कर उडतो. जुना गोंद सुकून एखादा फुगा सुटला तर स्वतः चिकटवू नका, पाकिटात घालून पानासोबतच ठेवा आणि कागदाचं काम करणाऱ्या रिस्टोररला दाखवा.