पॉवर कॉर्डवरून मिडवेस्ट इमोकडे: बँडने आधी काय बदलायचं

जाड पॉवर कॉर्ड (दोन सुरांचे रॉक कॉर्ड) झोडणाऱ्या बँडला मिडवेस्ट इमोकडे, म्हणजे तारा एकेक छेडत वाजवल्या जाणाऱ्या अमेरिकन भावुक रॉककडे वळायचं, तर नुसता रिव्हर्ब (घुमणारा इफेक्ट) वाढवून काही होत नाही. आधी ट्यूनिंग बदला. ‘अमेरिकन फुटबॉल’ या बँडच्या १९९९च्या अल्बममुळे गाजलेलं एफ-ए-सी-जी-सी-ई (सहाव्या तारेपासून पहिलीपर्यंत) लावायला तीनच तारा हलवाव्या लागतात. चौथी डी वरून सी वर उतरवा, मग सहावी ई वरून एफ आणि दुसरी बी वरून सी वर, म्हणजे दोन्ही अर्धा स्वर चढवा. तार गंजलेली असेल तर चढवताना तुटते, आधीच बदला. एक तार हलली की बाकीच्याही थोड्या सरकतात, म्हणून दोन फेऱ्या मारा. पुण्याच्या पावसाळ्यात गिटार दमट हवेतून थेट एसीच्या जॅमरूममध्ये जाते आणि सूर सोडते. बॅगेतून काढून १०-१५ मिनिटं तशीच ठेवा, मग जुळवा. ट्यूनर क्लिपचा हवा, ड्रमच्या गोंगाटात मोबाइलच्या अ‍ॅपचा उपयोग नाही.

कडव्यात मोकळ्या तारा एकेक छेडा, गेन (अँपची सिग्नल वाढवणारी कळ) इतकाच की जोरात छेडलं तरच आवाज किंचित फाटावा. डिले (प्रतिध्वनीचा इफेक्ट) लावायचाच तर १२० बीपीएमला, म्हणजे मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीला, ३७५ मिलिसेकंद.

खरा घोळ होतो ध्रुवपदात. ओव्हरड्राइव्ह (आवाज फाडणारं पेडल) दाबून सगळ्या तारा झोडल्या की नुसता चिखल होतो, कारण या ट्यूनिंगमध्ये सहावी-पाचवी जोडी एफ-ए आहे आणि खालच्या पट्टीतला गंधार डिस्टॉर्शनमध्ये गढूळ वाजतो. तिथे पाचवी तार बोट हलकेच टेकवून मुकी करा, फक्त सहावी आणि चौथी वाजवा. दुसरा गिटारिस्ट साध्या ट्यूनिंगवरच राहू दे, वरच्या पट्टीत.

मराठी शब्द बसवताना ओरडायच्या सुरावर ‘आ’ किंवा ‘ओ’ येऊ द्या. ‘तू विसरलीस’ उंच स्वरावर खेचलं की ‘ली’पाशी गळा आवळतो, ‘गेलीस ना’मध्ये ‘ना’वर तो मोकळा होतो.

विषयही सुरांबरोबर पुढे सरकू दे. पहिल्या गाण्यांत ब्रेकअप असतोच, असू द्या. पुढच्यांत ‘हृदय’, ‘अश्रू’ काढून टाका आणि वस्तू आणा: स्वारगेटला सुटलेली शेवटची बस, बंगळूरला गेलेल्या मित्राचं खोलीत राहिलेलं हेल्मेट. असली ओळ ओरडू नका, गिटार थांबवून बोला. ड्रमरने तेवढे दोन बार (आवर्तनं) फक्त हाय-हॅट, म्हणजे पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी, धरायची.