जुन्या घराची फरशी उखडायच्या आधी खाली काय चाललंय ते बघा

जुनं घर दुरुस्तीला काढलं की पहिला सल्ला ठरलेला, सगळी फरशी काढून टाका आणि दोन बाय चार फुटांच्या व्हिट्रिफाइड टाइल बसवा, घर एकदम चकाचक. सल्ला देणारा बहुतेक टाइल्सवालाच असतो नाहीतर त्याच्या ओळखीचा कोणीतरी. माझं मत जरा वेगळं आहे. शहाबादी किंवा मोझॅक असेल तर वरची फरशी बऱ्याचदा ठणठणीत असते, बिघडलेली असते ती खालची भरणी, आणि ती न बघता वर कितीही महागाची टाइल लावली तरी थोड्याच दिवसात ती पण पोकळ वाजायला लागते. म्हणून आधी तपासणी, मग दुरुस्ती, आणि नाइलाज असेल तरच नवीन.

आधी घरभर ठोकून बघा

सामान हलवा, एक लाकडी काठी आणि खडू घ्या आणि प्रत्येक फरशीवर चार कोपरे आणि मध्ये असं ठोकत चला. खणखणीत आवाज आला तर सोडून द्या, बद्द आला तर खाली पोकळी आहे, तिथे गोल करा. खचलेल्यावर फुली, ओल असेल तिथे रेघोट्या. खोली झाली की लांब उभं राहून बघा, खुणा सहसा इकडेतिकडे पसरलेल्या नसतात, एका बाजूला गोळा झालेल्या असतात, मोरीशेजारी, न्हाणीघराच्या भिंतीला लागून, किंवा ज्या बाजूला पागोळ्यांचं पाणी पडतं तिकडे. म्हणजे रोग कुठे आहे ते तिथेच कळलं.

ओलीची शंका असेल तर दोन फूट बाय दोन फूट प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी टेपने पक्का चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. कागदाच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले तर ओल जमिनीतून येतेय. हे आधी निस्तरायचं. मोरीचा पाइप गळतोय का, पन्हळीचं पाणी जोत्याला लागतंय का ते बघा. गावात अजून एक प्रकार खूप होतो, रस्त्यावर दरवेळी डांबराचा नवीन थर चढतो, रस्ता वर येतो आणि घराचं जोतं खाली जातं, मग पावसाचं पाणी सरळ पायाशी. अशा वेळी आत लाख रुपये घालण्यापेक्षा बाहेर भिंतीपासून लांब ढाळ काढून एक गटार खोदलेलं बरं.

आणि हे सगळं दिवाळीनंतर काढा. पावसाळ्यात भरणी वाळतच नाही.

खचलेली शहाबादी परत बसवणं

हे काम चांगला गवंडी असेल तर सोपं आहे, पण समोर उभं राहून करून घ्यायचं.

१. खडूने प्रत्येक फरशीवर नंबर टाका आणि वहीत नकाशा काढा. जुन्या फरश्या हाताने घडवलेल्या, एकाचं माप दुसऱ्याला जुळत नाही, जिथली तिथेच गेली पाहिजे.

२. सांधे पातळ छिन्नीने मोकळे करा. ग्राइंडर वापरला तर पटकन होतं पण धूळ भयंकर उडते, मास्क आणि चष्मा हवाच. सुरुवात भिंतीकडून किंवा आधीच फुटलेल्या फरशीपासून करा, कारण पहारीला शिरायला जागा लागते. पहारीखाली लाकडाचा ठोकळा ठेवा म्हणजे शेजारच्या फरशीची कड उडत नाही. घाई केली की हमखास मधोमध तुटते.

३. आता खाली बघा. मोरीशेजारची फरशी उचलली की बहुतेक वेळा मुरूम काळा पडलेला आणि हाताला चिकटणारा असतो, मुंग्यांनी वर आणलेल्या मातीचे ढीग असतात, आणि एका बाजूला हात जाईल एवढी पोकळी. हा ओला मुरूम सगळा काढायचा, कोरडा लागेपर्यंत, कंजुषी नको. वाळवीचं काही दिसलं तर ट्रीटमेंटवाल्याला याच वेळी बोलवा, कारण फरशी बसल्यावर परत भोकं पाडायला लागतात.

४. कोरडा मुरूम तीन-तीन इंचाच्या थरात टाका, थोडं पाणी शिंपडा आणि प्रत्येक थर धुमसने ठोका. एकदम अख्खा खड्डा भरून वरून ठोकलं तर फक्त वरचा थर बसतो आणि पुढच्या वर्षी फरशी परत खाली. गवंडी इथेच शॉर्टकट मारतात. खड्डा मोठा असेल तर वर तीन इंच पीसीसी, म्हणजे साधं काँक्रीट करा, एक भाग सिमेंट, चार वाळू, आठ खडी चालतं.

५. फरशीच्या पाठीचा जुना चुना तारेच्या ब्रशने खरवडा आणि फरशी भिजवा. खाली एकास सहाचा सिमेंट-वाळूचा माल इंच-दीड इंच पसरा, वर सिमेंटचा पातळ रगडा ओता, फरशी ठेवा आणि रबरी हातोड्याने ठोकत आजूबाजूच्या फरश्यांना दोरी लावून लेव्हल मिळवा. मोरीकडे ढाळ ठेवायला विसरू नका.

६. दुसऱ्या दिवशी सांधे भरा. नुसतं ग्रे सिमेंट भरलं तर जुन्या फरशीत पांढुरक्या रेघा उठून दिसतात, थोडी काळ्या ऑक्साइडची रंगपावडर मिसळून आधी एका तुकड्यावर रंग वाळवून बघा. दोन दिवस वर पाय नको, आणि आठवडाभर ओली पोती टाकून पाणी मारत राहा.

साफ करायला अॅसिड अजिबात नको. शहाबादी काय, कोटा काय, दोन्ही चुनखडीचे दगड, अॅसिड पडलं की फसफसतं आणि वरचा थर खाऊन टाकतं, मग ती फरशी कायमची खरखरीत. बाथरूमचं अॅसिड घरभर फिरवणारे लोक बघितलेत मी.

मोझॅक आणि डिझाइनच्या सिमेंट टाइल

या दोन्हीत लोक गल्लत करतात. मोझॅकमध्ये वरच्या थरात मार्बलच्या चिप्स असतात, तो थर मशीनने घासून परत पॉलिश करता येतो. फुलाफुलांच्या डिझाइनच्या सिमेंट टाइलमध्ये रंगाचा थर जेमतेम तीन-चार मिलिमीटर, तिथे पॉलिशवाल्याने जोर लावला तर डिझाइनच गायब. तिला फक्त हलकं बफिंग आणि साधा साबण.

मोझॅकला आधी भेगा आणि खड्डे भरून घ्या, व्हाइट सिमेंट, मिळत्या रंगाची पावडर आणि बारीक चिप्स, आणि आठवडाभर पाणी मारून पक्कं होऊ द्या. मग पाणी सोडून ६०, १२० आणि ३२० नंबरच्या दगडांनी घासाई, शेवटी ऑक्झॅलिक अॅसिडचं पॉलिश. हे अॅसिड वेगळं, पण हातमोजे घालूनच. घासल्यावर जो राखाडी चिखल निघतो तो मोरीत ढकलू देऊ नका, पाइपात जाऊन घट्ट बसतो आणि मग प्लंबर वेगळा. बादलीत गोळा करून बाहेर वाळवायचा.

चार-पाच टाइल फुटल्यात आणि तशा मिळत नाहीत? कपाटाखालच्या किंवा कॉटखालच्या चांगल्या टाइल काढून पुढे आणा आणि त्यांच्या जागी साध्या टाका, कोण बघतंय तिथे. नाहीतर वाडे पाडणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरकडे चौकशी करा, जुन्या टाइल तिथे मिळून जातात. नवीनच पाहिजेत तर मुंबईची भारत फ्लोअरिंग १९२२ पासून सिमेंट टाइल बनवतेय आणि अजून बनवते, स्वस्त नाहीत पण.

नवीनच बसवायची असेल तर

जुनी फरशी खणखणीत आणि लेव्हलमध्ये असेल तर तिच्यावरच टाइल अॅडहेसिव्हने बसवता येते, तोडफोड आणि राडारोडा वाचतो. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ पीतच नाही, त्यामुळे नुसत्या सिमेंटच्या रगड्याला ती धरत नाही, अॅडहेसिव्ह घ्याच. आधी जुन्या फरशीला छिन्नीने टाचे मारून ती खरबरीत करा आणि धूळ साफ करून घ्या. जमीन साधारण अर्धा ते पाऊण इंच वर येईल, म्हणजे दारं खालून तासायची, उंबरा आणि मोरीचा कठडा बघायचा.

जुन्या खोल्या काटकोनात नसतात हे गृहीत धरा. दोन्ही कर्ण मापा, फरक आला की समजायचं. पहिली ओळ भिंतीला धरून लावू नका, मुख्य दारातून दोरी मारा आणि ३-४-५ फुटांचा त्रिकोण करून गुण्यात, म्हणजे काटकोनात आणा, तिरका तुकडा मागच्या भिंतीला कपाटाखाली जाऊ दे. टाइल दहा टक्के जास्त घ्या, सगळे बॉक्स एकाच बॅचचे, नाहीतर शेड बदलतो. मध्ये दोन मिलिमीटरचे स्पेसर ठेवा, अगदी चिकटून लावली तर उन्हाळ्यात टाइल मधून फुगून वर येते.

मातीच्या किंवा चुन्याच्या भिंती असतील आणि जमिनीत ओल असेल तर व्हिट्रिफाइडचा नाद सोडा असं मी सांगेन. ओल वर येऊ शकली नाही की बाजूला सरकते आणि भिंतीत चढते, मग हातभर उंचीपर्यंत पोपडे. तिथे शहाबादी, चुन्याच्या मालात, बरी.

माडीवर

लाकडी तक्तपोशी असेल तर वर माल टाकून टाइल, हा विचार मनातून काढा. दहा बाय बाराच्या खोलीत दोन इंच माल आणि टाइल धरली तर वजन सव्वा टनाच्या वर जातं, आणि हे सगळं शंभर वर्षांच्या तुळयांवर. आधी तुळयांची टोकं भिंतीत शिरतात तिथे स्क्रूड्रायव्हर टोचून बघा, लाकूड कुजतं ते तिथेच. सहज आत गेला तर फळ्यांचं काम बाजूला ठेवा, आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. तुळया ठीक असतील तर खराब फळी बाजूच्या तुळईच्या मध्यापर्यंत कापून त्याच जाडीची जुनी सागवानी फळी घाला, खिळ्यांऐवजी स्क्रू, म्हणजे पुढे काढता येते आणि करकर पण कमी. नवं ओलं लाकूड घेतलंत तर वाळल्यावर फटी पडणार आणि खालच्या खोलीत कचरा गळत राहणार.

मिस्त्रीशी मजुरी ठरवताना उखडणं, राडारोडा बाहेर नेणं आणि स्कर्टिंग (भिंतीच्या पायाशी लावायची टाइलची पट्टी) हे तिन्ही रेटमध्ये आहे का ते आधीच लिहून घ्या, चौरस फुटाचा भाव सांगताना ही तीन कामं सगळे सोयीस्कर विसरतात.