हळदीच्या हंगामाआधी नवं विंडोज दिवाणजींच्या हाताला बसवून घ्या

सांगलीच्या मार्केट यार्डात अडत पेढ्यांचे कॉम्प्युटर मी सांभाळतो. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून पेढ्या एकेक करून विंडोज ११ वर येतायत. मशीन बदलायचं की नाही हा हिशेब वेगळा. टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षा चिप) नसलेल्या जुन्या मशीनबद्दल तो मालकांनीच करायचा. मी इथे फक्त दिसण्यातल्या बदलांबद्दल लिहितोय, कारण काम अडतं ते तिथेच. सौदे झाले की शेतकरी पट्टीसाठी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या कागदासाठी टेबलासमोर उभा असतो, दिवाणजींचा, म्हणजे पेढीचा हिशेब लिहिणाऱ्यांचा हात सवयीने स्क्रीनच्या डाव्या कोपऱ्यात जातो आणि तिथे स्टार्टचं बटण नसतं. म्हणून हे काम हंगाम सुरू व्हायच्या आधी, एखाद्या निवांत दुपारी करा. दिवाणजींना शेजारी बसवूनच करा; त्यांच्या पाठीमागे सगळं बदलून ठेवू नका.

जुनं मशीन बंद करण्याआधी त्याच्या स्क्रीनचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. डेस्कटॉपवर कुठलं फोल्डर कुठे आहे, खालच्या पट्टीत काय काय लावलंय, अक्षरं केवढी दिसतात, हे सगळं त्यात येतं. नवं लावताना हाच नकाशा वापरायचा.

खिडक्यांचे कोपरे गोल झालेत, रंग फिके झालेत, मागचं चित्र किंचित झिरपून दिसतं. याची सवय आपोआप होते, त्यावर वेळ घालवू नका.

खरा बदल खालच्या पट्टीत, म्हणजे टास्कबारमध्ये आहे. स्टार्ट आणि बाकीची चिन्हं आता मधोमध असतात. सेटिंग्जमध्ये पर्सनलायझेशन, मग टास्कबार, त्यात टास्कबार बिहेवियर्स उघडा आणि टास्कबार अलाइनमेंटला लेफ्ट निवडा. बटण पुन्हा डाव्या कोपऱ्यात येतं. तिथेच खाली कम्बाइन टास्कबार बटन्सचा पर्याय आहे, तो नेव्हर करा. माझ्या मते पेढीसाठी ही सगळ्यात मोलाची सेटिंग आहे. एरवी एक्सेलच्या चार फाइली उघड्या असल्या तरी खाली एकच हिरवं चिन्ह दिसतं आणि 'माझी आवक वही कुठं गेली?' म्हणून हाक येते. नेव्हर केलं की प्रत्येक फाइल नावासकट वेगळी दिसते. हा पर्याय दिसत नसेल तर विंडोजची आवृत्ती जुनी आहे. तो २०२३ मध्ये परत आला, आधी अपडेट करून घ्या. त्याच पानावरून विजेट्स बंद करा. हवामान आणि बातम्यांची ती पाटी चुकून उघडते आणि कामाची खिडकी झाकून टाकते.

स्टार्टमधल्या हलत्या फरशा गेल्या. त्या जागी पिन केलेली चिन्हं आहेत. टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर), एक्सेल, कॅल्क्युलेटर आणि प्रिंटरचं फोल्डर एवढंच ठेवा, बाकीचं अनपिन करा.

आता राइट क्लिक. मेनू आखूड झालाय, आणि कट, कॉपी, पेस्ट, रिनेम ही कामं चिन्हांच्या आडव्या ओळीत गेलीत. नव्या आवृत्तीत चिन्हांखाली नावं येतात, तरीही झिप किंवा स्कॅनरच्या सॉफ्टवेअरचा पर्याय सापडत नाही अशी तक्रार मला वारंवार ऐकू येते. शिफ्ट दाबून राइट क्लिक करा, जुना लांब मेनू जसाच्या तसा उघडतो. एवढी एक गोष्ट कागदावर लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवा.

फाइल एक्सप्लोररमध्ये ओळींमधली जागा वाढल्यामुळे एका नजरेत कमी फाइली दिसतात. व्ह्यूमध्ये जाऊन कॉम्पॅक्ट व्ह्यूवर खूण करा. आणि एक्सप्लोरर उघडताच होम येतं. फोल्डर ऑप्शन्समध्ये धिस पीसी निवडलं की पहिल्यासारखे ड्राइव्ह समोर येतात.

डोळ्यांकडे मात्र नीट लक्ष द्या, कारण बहुतेक दिवाणजी पन्नाशीच्या पुढचे आहेत. बाजूची सरकपट्टी आता बारीक रेघेसारखी होते आणि गायबही होते. ॲक्सेसिबिलिटी, मग व्हिज्युअल इफेक्ट्स, तिथे ऑलवेज शो स्क्रोलबार्स चालू करा. त्याच पानावर ट्रान्सपरन्सी आणि ॲनिमेशन बंद केलं की पडदा स्वच्छ दिसतो आणि कमी रॅमच्या मशीनला थोडा आरामही मिळतो. अक्षरं लहान वाटली तर टेक्स्ट साइझचा पट्टा हळूहळू सरकवा आणि प्रत्येक वेळी दिवाणजींनाच विचारा, 'काका, आता वाचाय येतंय का?' तुमच्या डोळ्यांनी ठरवू नका.

एक बदल मला मनापासून आवडतो. विंडोज की आणि झेड एकत्र दाबलं की खिडक्या लावायचे साचे दिसतात. डावीकडे वजनांची एक्सेल, उजवीकडे टॅली लावून बघा. आकडे बघून भरताना खिडक्यांची अदलाबदल करावी लागत नाही. टॅलीच्या आतलं काहीच बदलत नाही, विक्रीला एफ८ आणि खरेदीला एफ९ तसंच. हे दिवाणजींना सुरुवातीलाच सांगा, निम्मी धास्ती तिथेच जाते.

जुन्याच मशीनवर अपग्रेड केलं असेल, तर सेटिंग्जच्या सिस्टिममधल्या रिकव्हरीत गो बॅकचा, म्हणजे जुन्या विंडोजवर परत जायचा पर्याय १० दिवस मिळतो. म्हणून त्या १० दिवसांतच पट्टी, पावती, बारदानाचं बिल, सगळं एकदा छापून बघा.

आणि शेवटचं: मशीन अडकलं की येणारा निळा पडदा २०२५ च्या अपडेटपासून काळा झालाय. मॉनिटर गेला किंवा लाइट गेली असं समजून लगेच बटण दाबू नका. त्यावर बारीक अक्षरात स्टॉप कोड असतो. त्याचा फोटो काढा आणि जो तुमचं मशीन बघतो त्याला पाठवा.