थंडी ओसरताना माशांच्या आतड्यांतील जिवाणूंची काळजी

थंडी कमी होऊन तलावाचे पाणी तापू लागले की माशांची भूक परत येते, आणि नेमक्या याच दिवसांत अंगावर लाल चट्टे उठणे, खवले उभे राहणे, पोट फुगणे, विष्ठेचे पांढुरके दोरे पाण्यावर दिसणे अशा तक्रारी वाढतात. यामागे पुष्कळदा एरोमोनास गटातील जिवाणू असतो. तो बाहेरून आलेला पाहुणा नसतो. धडधाकट माशाच्या आतड्यात आणि तलावाच्या पाण्यातही तो वर्षभर थोड्या प्रमाणात असतोच. थंडीत उपासाने आणि गारठ्याने माशाची प्रतिकारशक्ती खालावलेली असते, आणि पाणी तापताच ती पूर्ववत होण्यापूर्वीच जिवाणू वेगाने वाढतात. म्हणून या जिवाणूचा समूळ नाश करण्याच्या प्रयत्नापेक्षा त्याला आवर घालणारे आतड्यातील इतर जिवाणू टिकवणे अधिक हिताचे ठरते.

हे जिवाणू मासा जन्मतः घेऊन येत नाही. अंड्यातून बाहेर पडताना पिल्लाचे आतडे जवळजवळ निर्जंतुक असते. अंड्याचे कवच, भोवतालचे पाणी आणि पहिला घास यांतून त्यात वस्ती होते. कार्प आणि तिलापिया यांच्या आतड्यांत आढळणारा सीटोबॅक्टेरियम हा जिवाणू ब-१२ जीवनसत्त्व तयार करतो, त्यामुळे या माशांना ते खाद्यातून वेगळे द्यावे लागत नाही. नैसर्गिक पाण्यातील मासा प्लवंग (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव), कीटक, शेवाळ, कुजणारा पालापाचोळा असे नाना प्रकारचे अन्न खातो, तर तलावातील मासा दाटीत राहून बहुतांशी एकाच गोळी खाद्यावर वाढतो, आणि हा फरक आतड्यातील जिवाणूंच्या प्रमाणात उमटतो. तरीही नैसर्गिक पाण्यातील माशाचे आतडे उत्तम आणि पाळीव माशाचे बिघडलेले, असे सरसकट मानू नये. झेब्राफिश या लहान माशावरील २०११ मधील अभ्यासात ओढ्यातून पकडलेल्या आणि प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेल्या माशांच्या आतड्यांत बरेच जिवाणू समान आढळले. म्हणजे कोणाला थारा द्यायचा हे काही अंशी माशाचे शरीरच ठरवते.

खाद्याबाबत या काळात घाई करू नये. एक दिवस कडक ऊन पडले म्हणून खाद्य दुप्पट करणे ही नेहमीची चूक आहे. सकाळच्या पाण्याचे तापमान सलग चार-पाच दिवस वाढते राहिले, तरच कार्प माशांना एकूण वजनाच्या सुमारे १ टक्का खाद्याने सुरुवात करावी आणि पुढील दोन आठवड्यांत ते हळूहळू वाढवावे. अर्धवट पचलेले जादा अन्न आतड्याच्या मागच्या भागात संधिसाधू जिवाणूंना पोसते, आणि न खाल्लेले तळाशी कुजून प्राणवायू ओढून घेते. नवे खाद्य जुन्यात मिसळत सात ते दहा दिवसांत बदलावे. साल्मनसारख्या मांसाहारी माशांना सोयाबीन पेंड जास्त दिल्यास आतड्याच्या शेवटच्या भागाला सूज येते. कार्पला ती अधिक सोसते. बुरशी आलेले खाद्य मात्र कोणत्याही माशाला देऊ नये.

पाण्याच्या बाबतीत स्वच्छतेचा अतिरेक हा खरा धोका आहे, आणि मत्स्यबीज केंद्रांत तो अधिक जाणवतो. जंतुनाशकाने पाणी पूर्ण निर्जंतुक केले की त्यातील जागा आणि अन्न मोकळे होते, आणि ते सर्वांत आधी बळकावतात ते झपाट्याने वाढणारे संधिसाधू जिवाणू; सावकाश वाढणारे, निरुपद्रवी जिवाणू मागे पडतात. हॅलिबट आणि कॉड या सागरी माशांच्या पिल्लांसाठी म्हणूनच गाळलेले पाणी जैविक गाळणीतून फिरवून काही काळ मुरवतात आणि मगच वापरतात, कारण अशा पाण्यात पिल्ले अधिक जगतात. वाढीच्या तलावातही उघड कारण नसताना परमँगनेट किंवा क्लोरीन टाकू नये. प्लवंग टिकून राहतील इतपतच पाणी बदलावे. त्यामुळे माशाच्या खाण्यात वैविध्य राहते.

बाजारातील प्रोबायोटिक, म्हणजे उपयुक्त जिवाणूंची पूड, घेताना जिवाणूचे नाव, प्रति ग्रॅम संख्या आणि मुदत छापलेली आहे का ते पाहावे. ‘विशेष फॉर्म्युला’ एवढेच लिहिलेली पिशवी परत ठेवावी. त्यांतील बॅसिलस या जिवाणूचे बीजाणू (त्याचे टणक, सुप्त रूप) उष्णता सोसतात, लॅक्टोबॅसिलस हे जिवाणू मात्र गोळी बनवतानाच्या उष्णतेत बहुधा मरतात, म्हणून ते तयार खाद्याला थंड असताना चोळावे. हे जिवाणू बहुधा आतड्यात कायम वस्ती करत नाहीत. देणे थांबवले की घटतात. पाण्यात बॅसिलस सोडल्यावर प्राणवायूचा खप वाढतो, आणि तापलेल्या पाण्यात तो मुळातच कमी मावतो. २० अंशांना गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना सुमारे साडेसात. म्हणून मात्रा सकाळी उन्हे वर आल्यावर, एरेटर (पाण्यात हवा मिसळणारे यंत्र) चालू ठेवून द्यावी.

रोग येऊ नये म्हणून प्रतिजैविक देणे टाळावे. ते उपयुक्त जिवाणूंनाही मारते, आणि त्याचा बराचसा भाग विष्ठेतून व उरलेल्या खाद्यातून तलावात उतरून औषधाला न जुमानणारे जिवाणू वाढवतो. मासे मरू लागल्यास औषधाआधी तपासणी करून घ्यावी. त्यासाठी मेलेला मासा फारसा उपयोगी नाही, कारण मृत्यूनंतर आतड्यातील जिवाणू काही तासांतच शरीरभर पसरतात आणि खरे कारण झाकले जाते. आजारी पण जिवंत असे तीन-चार मासे तलावाच्याच पाण्यात ठेवून तपासणीला न्यावेत, आणि गेल्या पंधरा दिवसांत कोणते खाद्य व औषध दिले ते सोबत लिहून द्यावे.