छातीवर दगड, झोप नाही: चिनी स्थलांतरित रुग्णांच्या मानसोपचारात या चुका टाळा

अमेरिकेत मानसोपचाराची रेसिडेन्सी करणाऱ्या किंवा समुपदेशक म्हणून नव्याने लागलेल्या मराठी मुलामुलींसाठी हे लिहितेय. न्यू यॉर्क, बॉस्टन, सॅन फ्रान्सिस्कोच्या क्लिनिकमध्ये चिनी रुग्ण समोर येणारच, आणि पहिल्या भेटीत बिघडलं की बहुतेकदा ते परत येत नाहीत.

‘उदास वाटतं का?’ ‘नाही.’ फॉर्मवर खूण, विषय संपला.

ही चूक मीही केली आहे. पन्नाशीची बाई सांगते, झोप लागत नाही, डोकं जड, छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं. ईसीजी, थायरॉइड, रक्त सगळं ठीक. उदासीबद्दल विचारलं की ती नाही म्हणते आणि आपण तिला झोपेची गोळी देऊन पाठवतो.

बॉस्टनमध्ये मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट यंग आणि सहकाऱ्यांनी २००४ साली नैराश्य असलेल्या २९ चिनी अमेरिकन रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तीन चतुर्थांश रुग्णांनी मुख्य त्रास म्हणून शरीराचीच तक्रार सांगितली. उदासी आपणहून कोणीच बोललं नाही. मात्र चिनी भाषेतल्या प्रश्नावलीत ९० टक्क्यांहून जास्त रुग्णांनी उदास वाटतं यावर खूण केली. म्हणजे दुःख होतंच, डॉक्टरकडे सांगायची गोष्ट म्हणून त्यांनी ते धरलं नव्हतं.

उलटी चूकही तितकीच वाईट: ‘शरीराला काही नाही, हे मनाचं आहे.’ चिनी भाषेत ‘शिन’ या एकाच शब्दात हृदय आणि मन दोन्ही येतात. आपणही ‘काळीज तुटतं’, ‘जीव घुसमटतो’ म्हणतोच की! मग तिची छाती खोटी का ठरवायची? झोपेपासून सुरू करा. भूक, थकवा, पाठ, सगळं नीट लिहून घ्या. मग विचारा, ‘याला तुमच्याकडे काय म्हणतात? कशामुळे झालं असं वाटतं? घरचे काय म्हणतात?’ अमेरिकन मानसोपचाराच्या निदानाच्या पुस्तकात, म्हणजे डीएसएम-५ मध्ये (२०१३), अशी १६ प्रश्नांची सांस्कृतिक मुलाखत दिलेली आहे. वेळ नसेल तर हे तीन तरी विचाराच.

वयस्कर रुग्ण कधी ‘शेनचिंग श्वायरुओ’ म्हणतील, म्हणजे नसा अशक्त झाल्यात. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी १९८० मध्ये हूनान प्रांतातल्या चांगशा इथे हे निदान झालेले १०० रुग्ण तपासले. त्यांतल्या ८७ जणांना अमेरिकन निकषांनी ‘मेजर डिप्रेशन’ म्हणजे नैराश्याचा आजार होता. तो शब्द खोडू नका. ‘चिंगशेनबिंग’ म्हणजे मनोरोग, पण ऐकणाऱ्याला तो ‘वेडा’ असाच लागतो. ज्या शब्दाने माणूस दाराबाहेर जाईल तो आपण का वापरायचा?

‘चायनीज दुभाषी पाठवा.’

कोणती चायनीज? मंदारिन, कँटोनीज, ताइशानी, फूचौची बोली. एक बोली बोलणाऱ्याला दुसरी कळेलच असं नाही. रेस्टॉरंटमध्ये भांडी घासणारा फूचौचा माणूस मंदारिनमध्ये पत्ता सांगेल, पण रात्री मनात काय येतं ते नाही सांगणार. अपॉइंटमेंट देतानाच विचारा, ‘घरी कोणती बोली बोलता?’

आणि मुलाला दुभाषा करू नका. बारा वर्षांच्या पोराने आईला ‘तुला मरावंसं वाटतं का?’ असं विचारायचं, हे कल्पनेतही सहन होत नाही. २०१६ च्या संघीय नियमांनुसार, आणीबाणी सोडली तर, अल्पवयीन मुलाला दुभाषा करता येत नाही. चायनाटाउनची वस्ती लहान असते, दुभाष्या गावचाच निघू शकतो. अशा वेळी दूरच्या शहरातला फोनवरचा दुभाष्या बरा.

औषध लिहिताना वंशाचा विचार न करणं

इथे मात्र मी हट्टी आहे. कार्बामाझेपिन (फिट्स आणि मूडच्या चढउतारांवरचं औषध) सुरू करण्याआधी एचएलए-बी*१५:०२ ही जनुकीय चाचणी करा. हा जनुकीय प्रकार असलेल्यांना त्वचा सोलून निघणारी जीवघेणी प्रतिक्रिया येण्याचा धोका मोठा असतो. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, डिसेंबर २००७ मध्येच तसा इशारा दिला. हान, म्हणजे चीनमधल्या बहुसंख्य वंशाच्या लोकांत हा प्रकार बराच आढळतो, आणि भारतीयांतही सापडतो, हे आपल्या लोकांना औषध देतानाही आठवा.

सिटॅलोप्रॅम हे नैराश्यावरचं औषध यकृतात मोडणारं सीवायपी२सी१९ हे विकर (एन्झाइम) मंद असण्याचं प्रमाण पूर्व आशियाई लोकांत युरोपीयांपेक्षा जास्त आहे. अशांना दिवसाला २० मिलिग्रॅमच्या वर जायचं नाही. त्यातच काढा चालू असेल तर? चिनी काढ्यांत ‘गान-त्साओ’ वारंवार असतं, आपल्या ज्येष्ठमधाच्या कुळातलं. ते फार दिवस घेतलं तर पोटॅशियम उतरतं, आणि उतरलेल्या पोटॅशियमवर सिटॅलोप्रॅम हृदयाच्या ठोक्यांना धोक्याचं. रागावून विचाराल तर रुग्ण लपवेल. ‘आमच्याकडेही आजी काढा देते, तुम्ही कोणता घेता?’ असं विचारा, पुडी आणायला सांगा.

‘आपणही आशियाईच, मला कळतं.’

आपल्या लोकांची ही खास चूक. बाळंतिणीला बर्फाचं पाणी दिलं आणि ती रडली, तर का ते मराठी बाईला लगेच समजेल. त्यांचा महिनाभराचा ‘त्स्वो युएझ’ आणि आपला सव्वा महिना एकमेकांच्या जवळचे आहेत. ‘छ्र खू’, म्हणजे कडू गिळणं, हेही आपल्या सोसण्यासारखं वाटतं. पण तिथून पुढे आपला अंदाज चालत नाही. शांघायहून शिकायला आलेली मुलगी, हाँगकाँगचे निवृत्त मास्तर आणि कर्ज काढून फूच्येनहून (फूचौ शहर ज्यात आहे तो प्रांत) आलेला स्वयंपाकी यांना एकच ‘चिनी संस्कृती’ लावू नका.

फूच्येनच्या बऱ्याच आईबापांना बारा-बारा तासांच्या कामापायी तान्हं मूल आजीआजोबांकडे चीनला पाठवावं लागतं. ते चार-पाच वर्षांचं होऊन परत येतं तेव्हा आईला ओळखत नाही. फॉर्मवर ‘मुलं: एक’ एवढंच असतं. म्हणून मी आता झोपेनंतरचा प्रश्न हाच विचारते, ‘बाळ कुठे असतं?’ आणि दुभाष्याला सांगून ठेवते, उत्तराला वेळ लागला तर मध्ये बोलू नकोस.