लावणीत पाय जपायचे, ते रात्री

रोहिणी-मृगात पेरलेला भाताचा तरवा, म्हणजे रोपं, आषाढात काढणीला येतो आणि आमच्या सिंधुदुर्गात घरोघरी लावणी सुरू होते. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत पाय चिखलात. चार-पाच दिवसांतच बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरी, लिबलिबीत होते, मग फुटते आणि रात्री आग-खाज झोपू देत नाही. या चिखल्या. मी आरोग्यसेविका म्हणून काम केलं आणि घरची लावणीही केली, म्हणून सांगते: दिवसा पाय ओले होणारच, ते टळत नाही. हातात असते ती रात्र. तेवढे तास पाय पूर्ण कोरडे राहिले, तर चिखल्या बहुधा वाढत नाहीत.

मळ्यातून आल्यावर ओहोळात पाय खळबळले म्हणजे पाय धुतले असं नाही. घरच्या स्वच्छ पाण्याने, साबण लावून, प्रत्येक बेचकं बोट घालून धुवायचं. आणि पुसणं हे धुण्याहून महत्त्वाचं. जुन्या सुती लुगड्याचे लहान तुकडे करून ठेवा. प्रत्येकाचा वेगळा, दुसऱ्या दिवशी धुऊन चुलीजवळच्या दांडीवर वाळवलेला. एकाच पंचाने सगळ्या घराचे पाय पुसले, तर एकाच्या चिखल्यांतली बुरशी सगळ्यांना जाते. चोळू नका, टिपा. करंगळीजवळचं बेचकं सगळ्यात अरुंद, ओल तिथेच राहते आणि चिखल्यांची सुरुवातही बहुधा तिथूनच होते. मग थोडा वेळ पाय मोकळे, बोटं फाकवून बसा. ओल्या चपला पुन्हा घालू नका. घरात वापरायला एक कोरडा जोड वेगळा ठेवा.

खाज, पापुद्रे आणि पांढरेपणा असेल तर क्लोट्रिमॅझोल १ टक्का हे बुरशीवरचं मलम, सकाळ-संध्याकाळ, कोरड्या कातडीवर पातळ थर. डागाच्या कडेबाहेरही थोडं लावायचं. खाज थांबली की बाया मलम बंद करतात आणि पुढच्या पावसात नाही, पुढच्याच आठवड्यात चिखल्या परत येतात. कातडी बरी दिसायला लागल्यावरही दोन आठवडे लावत राहा.

दुकानात 'खाजेचं मलम द्या' असं मात्र सांगू नका. क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन घातलेलं मिश्र मलम हातात पडतं. त्यातल्या स्टिरॉइडमुळे दोन दिवसांत आराम वाटतो, पण बुरशी आतल्या आत पसरते आणि कातडी पातळ होते. नळीवरची नावं वाचा, वाचता येत नसतील तर शाळेत जाणाऱ्या नातवाकडून वाचून घ्या.

मेंदीचा पाला वाटून लावायची रीत आमच्याकडेही आहे. अखंड कातडीवर लावलात तर माझी हरकत नाही; फुटलेल्या जागी नको. रॉकेल आणि बॅटरीतली काळी पूड तर अजिबात नको. आणि मुठेल? कोकमाच्या बियांचं ते घट्ट तूप टाचांच्या भेगांना उत्तम, पण थंडीत. पावसात बेचक्यांत चोळलं तर ओल आतच कोंडते.

चिखल्यांकडे मी एवढ्या कळकळीने बघते, त्याचं खरं कारण लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा आजार. उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातले जंतू फुटलेल्या कातडीतून शरीरात शिरतात. पायाला चीर असेल तर पट्टी बांधून गमबूट घाला, नाहीतर त्या दिवशी बांधावरची कामं घ्या. घरातल्यांनीही तेवढं समजून घेतलं पाहिजे. आरोग्यसेविकेने लेप्टो टाळायला डॉक्सिसायक्लिनची गोळी दिली तर जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर घ्या आणि लगेच आडवं होऊ नका. गरोदर असाल किंवा मूल अंगावर पीत असेल तर ते आधी सांगा.

लावणीच्या दिवसांत ताप आला, पोटऱ्या ठणकल्या, डोळे लाल झाले, तर 'भिजल्यामुळे अंग मोडलंय' म्हणून घरी थांबू नका. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि शेतात पाण्यात काम करता हे डॉक्टरांना आपणहून सांगा. मधुमेह असलेल्यांनी तर साधी चिखलीही घरी अंगावर काढू नये. त्यांच्या पायाला दुखणं कमी जाणवतं आणि जखम चिघळल्यावरच कळते. अशा माणसाचे तळवे रोज रात्री उजेडात दुसऱ्या कुणीतरी बघावेत.