पिकअपला स्वतः ट्रॅक्शन बार बसवताय? या चुका टाळा

पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडून जोर दिला की मागची चाकं टपाटप उडतात, खालून दणका बसतो आणि मग गाडी हलते. कात्रजच्या किंवा दिवे घाटाच्या ओल्या चढावर हे जास्तच जाणवतं. मागे पाटे (लीफ स्प्रिंग) असलेल्या पिकअपचं हे जुनं दुखणं आहे. चाकं पुढे फिरतात तेव्हा एक्सलची नळी तेवढ्याच जोराने उलटी पिळली जाते. पिनियनचं, म्हणजे शाफ्टने फिरणाऱ्या एक्सलमधल्या छोट्या गिअरचं तोंड वर उचललं जातं, पाटे एस अक्षरासारखे वाकतात आणि पकड सुटली की झटक्याने सरळ होतात. ट्रॅक्शन बार म्हणजे एक्सलपासून चॅसिसपर्यंत जोडलेला दांडा. त्याने ही पीळ थांबवायची, पण चाकाची वरखाली हालचाल जराही अडवायची नाही. बहुतेकांचा बार पीळ थांबवतो, घोळ होतो तो दुसऱ्या कामात.

आधी दुखणं नक्की करा

बार मागवण्याआधी गाडीखाली शिरून नीट बघा. पाटा एक्सलला आवळून धरणाऱ्या यू-बोल्टच्या प्लेटच्या कडेला बोट फिरवा. तांबूस, भुकटीसारखा गंज बोटाला लागला तर तिथे लोखंडावर लोखंड घासतंय, म्हणजे यू-बोल्टचा ताण गेलाय. पाटे मधोमध एकत्र धरणारा सेंटर बोल्ट तुटला असेल तर एक्सल पाट्यावर पुढेमागे सरकतो आणि नेमका असाच दणका देतो. शॅकलचे (टोकाचा झुलता दुवा) आणि पाट्याच्या डोळ्याचे (टोकाचं गोल भोक) रबरी बुश टॉमी, म्हणजे लोखंडी पहार घालून हलवून बघा, पाट्यांना तडे आहेत का तेही तपासा. शाफ्टचे क्रॉस (फिरते सांधे), दोन तुकड्यांचा शाफ्ट असेल तर मधलं बेअरिंग, आणि निघताना थरथरणारा क्लच, यांची लक्षणंही मिळतीजुळती असतात. यातलं काही सापडलं तर आधी ते करा. नाना पेठेत यू-बोल्ट आणि बुश सहज मिळतात आणि बारच्या तुलनेत ते फारच स्वस्त पडतात.

खात्री करायची सोपी रीत म्हणजे ॲक्शन कॅमेरा चॅसिसला घट्ट बांधून तोंड एक्सलकडे करायचं आणि मोकळ्या चढावर दोनतीनदा जोर द्यायचा. पिनियन वर उचललेलं व्हिडिओत स्पष्ट दिसलं तरच पुढचा खर्च करा.

बार आणि पाटा यांची चाल जुळली पाहिजे

सगळ्यात महागात पडणारी चूक इथे होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पाटा दबतो तेव्हा एक्सल सरळ वर जात नाही, तो एका कमानीत फिरतो. बारचं एक्सलकडचं टोकही कमानीत फिरतं, पण ती कमान वेगळी, कारण बारची लांबी वेगळी आणि पुढचा बिंदूही वेगळ्या जागी. या दोन कमानी जुळल्या नाहीत तर बार, पाटा आणि बुश एकमेकांशी झुंजत राहतात. गाडी दगडासारखी कडक होते, शेवटी ब्रॅकेट तडकतो नाहीतर बुश फाटतो.

एक्सलला दोन ठिकाणी पक्का बसणारा त्रिकोणी शिडीसारखा बार असेल तर पुढच्या टोकाला शॅकल हवाच. तो काढून टोक थेट चॅसिसला ठोकू नका, कुणी कितीही सांगितलं तरी. एकाच दांड्याचा, दोन्ही टोकांना फिरता सांधा असलेला बार घेतलात तर तो पाट्याच्या पुढच्या अर्ध्या भागाला शक्य तितका समांतर ठेवा आणि पुढचा बिंदू पाट्याच्या पुढच्या डोळ्याच्या आसपास येऊ द्या.

पक्कं करण्याआधी चाचणी घ्या. पुढचा ब्रॅकेट क्लॅम्पने तात्पुरता धरा, बार एक्सलकडे जोडा, पण पुढचा बोल्ट घालू नका. आता चॅसिस घोड्यांवर (जॅक स्टँड) ठेवून जॅकने एक्सल हळूहळू पूर्ण वर घ्या, मग पूर्ण खाली सोडा. बारच्या पुढच्या टोकाचं भोक ब्रॅकेटच्या भोकापासून किती सरकतं, ते खडूने चॅसिसवर मांडत जा. एकीकडचंच चाक उचलूनही हेच करा, कारण ताम्हिणीतल्या कच्च्या वाटेवर दोन्ही चाकं एकदम कधीच उठत नाहीत. सरकणं शॅकलच्या किंवा बुशच्या आवाक्यात असेल तर पुढे जा. नसेल तर ब्रॅकेटची जागा बदला. या चाचणीत अर्धा दिवस गेला तरी चालेल.

चाक लटकत असताना बोल्ट आवळणं

रबरी किंवा पॉलीयुरेथेन बुशचे बोल्ट गाडी स्वतःच्या चाकांवर, सपाट जमिनीवर उभी असतानाच शेवटचे आवळायचे. एक्सल लटकत असताना आवळले की गाडी खाली आल्यावर बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. लांबी कमीजास्त करता येणारा बार असेल तर तोही याच स्थितीत लावा. बोल्ट हाताने भोकात गेला पाहिजे. हातोडी मारावी लागली तर लांबी चुकली आहे. एका बाजूला असा ताण राहिला की गाडी एकीकडे ओढते. लांबी जमल्यावर लॉकनट विसरू नका.

काढलेले यू-बोल्ट परत वापरू नका. ते एकदा ताणले गेलेले असतात. नवे घ्या, कर्णरेषेत, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचने आणि मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंतच आवळा. पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर परत तपासा. बारचे बोल्ट १०.९ ग्रेडचे, डोक्यावर तो आकडा कोरलेला असलेले घ्या.

वेल्डिंग आणि ड्रिलिंग

भोसरीत ब्रॅकेट कापून, वाकवून हवा तसा मिळतो. मात्र गाडीवर वेल्डिंग घरी करू नका, सरावाच्या वेल्डरलाच बोलवा आणि त्याच्यापाशी उभे राहा. बॅटरीची वायर काढलेली हवी. वेल्डिंग मशीनच्या अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ हवा, नाहीतर करंट चाकाच्या बेअरिंगमधून जातो आणि त्यात खड्डे पडतात. एक्सलच्या नळीवर एकाच दमात लांब टाका मारला तर नळी वाकते, छोटे छोटे टाके मारून मधे थंड होऊ द्या. पाट्यावर वेल्डिंग कधीच नाही. त्याचा पाणी दिलेला कडकपणा जातो आणि तो तिथेच तुटतो. डिझेलची टाकी, ब्रेकचा पाइप, एबीएसची वायर आधी बाजूला घ्या.

सी आकाराच्या चॅसिसच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोक पाडू नका. बंद पेटीसारखी चॅसिस असेल तर बोल्टभोवती आतून नळीचा तुकडा घाला, नाहीतर आवळताना पेटी चेपते. बऱ्याच पिकअपना एक्सलपासून ब्रेकच्या लोड सेन्सिंग व्हॉल्व्हकडे (ओझ्यानुसार मागच्या ब्रेकचा जोर ठरवणारा) जाणारा बारीक दांडा असतो. बार त्याला किंवा हँडब्रेकच्या केबलला घासला तर मागचे ब्रेक बिघडतात.

काम करताना गाडी नुसत्या जॅकवर कधीही ठेवू नका. पुढच्या चाकांना दगड लावा आणि दोन्ही बाजूंना घोडे घाला.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ चाही विचार करा. गाडी उत्पादकाच्या मूळ तपशिलाबाहेर जाईल असा बदल त्यात बसत नाही. आरटीओ आणि विमा कंपनीला आधी विचारा, क्लेमच्या वेळी वाद नको.

बसवल्यावर काहीतरी बिनसलं तर

खड्ड्यात कटकट आवाज येत असेल तर बहुतेक फिरता लोखंडी सांधा ढिला झालेला असतो. पावसाळ्यातल्या चिखलात हे सांधे फार लवकर झिजतात, त्यामुळे रोजच्या गाडीला बुशवालाच बार बरा. ठरावीक वेगाला थरथर सुरू झाली तर पिनियनचा कोन बसवण्यापूर्वी होता तेवढा आहे का ते मोजा. म्हणून तो आधी मोजून लिहून ठेवायला हवा. टायर एका कडेने झिजत असतील किंवा गाडी तिरकी चालत असेल तर पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यातलं अंतर दोन्ही बाजूंना मोजा. फरक दिसला तर एक्सल तिरका ओढला गेलाय.

कारण सापडतच नसेल तर दोन्ही बार काढा आणि त्याच रस्त्यावर गाडी परत चालवा. त्रास तसाच राहिला तर बारला हात लावू नका. शाफ्टचे क्रॉस आणि मधलं बेअरिंग उघडा.